बिनआवाजाचं कपाट

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या बायकोने मरण्यापूर्वी द्राक्षांच्या वाइनच्या बावीस बाटल्या भरून ठेवल्या होत्या. वर्षभर गारव्यात, न हलवता ठेवायच्या आणि मगच उघडायच्या, असं ती बजावून गेली होती. तिच्या हातचं घरात आता तेवढंच उरलं होतं, आणि उन्हाळा तोंडावर आला होता. साधा फ्रिज या कामाचा नव्हता. तो फार गार करतो आणि सारखा थरथरतो. म्हणून त्याने स्वतःच कपाट बनवायला घेतलं.

जागा एकच होती, सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीलगत. मुलगी गेल्यावरही त्या जावयाकडेच राहिल्या होत्या. राहा असं कोणी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही.

"घरघर करणार असेल तर आधीच सांगा," त्या म्हणाल्या. "तुमचं घोरणं पंधरा वर्षं ऐकतेय. त्यात आणखी भर नको."

"आवाज आला तर धंदा सोडीन, आई."

"सोडा. म्हणजे घर तरी आवराल."

जुन्या लाकडी कपाटाला त्याने आतून फोमचे जाड तक्ते बसवले. भंगारातल्या फ्रिजचा लहानसा कॉम्प्रेसर काढून रबरी ठोकळ्यांवर ठेवला. थरथर फळ्यांपर्यंत पोचू नये म्हणून तांब्याच्या नळीला एक वेटोळं दिलं. गॅस भरल्यावर बारीकशी घुंघुं उरली, तेव्हा कॉम्प्रेसरभोवती कांबळ्याचं अस्तर लावलेली पेटी ठोकली. भेटायला आलेली माणसं कामात मन गुंतवा म्हणाली होती. मन कुठे होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण स्क्रू घट्ट बसत होते.

तापमानाचे आकडे दाखवणारा मीटर मात्र त्याने लावला नाही. तीस वर्षं तो यंत्राला कान लावून रोग ओळखत आला होता. आकडे बघून दुरुस्ती करणाऱ्यांना तो कच्चे समजे.

"बंदच आहे की काय?" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"चालू आहे. पेटीवर हात ठेवून बघा."

त्यांनी हात ठेवला आणि मान डोलावली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसे. त्याच दिवशी त्याने बावीसही बाटल्या आत लावल्या. पुढचे दिवस भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही, आणि काम फत्ते झालं असं तो धरून चालला.

सातव्या दुपारी फळ्या पुसायला त्याने दार उघडलं, तर तोंडावर कोमट हवा आली. पेटीत हवा खेळायला जागाच ठेवली नव्हती. कॉम्प्रेसर तापून केव्हाच बंद पडला होता. गिऱ्हाइकाच्या घरी असं कपाट दिसतं, तर त्याने पहिलं बोट तिथेच ठेवलं असतं. तीन बाटल्यांची बुचं वर सरकली होती आणि एकीतून लाल ओघळ खाली आला होता. त्याला रडू आलं नाही. त्याने फडकं आणून ओघळ पुसला, पेटीला भोकं पाडली, कॉम्प्रेसर चालू करणारा जळका रिले बदलला आणि कॉम्प्रेसर सुरू केला.

पण बाकीच्या बाटल्यांचं काय झालं, ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि उघडली की एक कमी होणार होती.

"एक उघडा," सासूबाई म्हणाल्या. "रोज त्यांच्याकडे बघत झुरण्यापेक्षा बरं."

त्याने उघडली, पेल्यात ओतली, घोट घेतला. थोड्या वेळाने दुसरा घेतला.

"आंबली का?"

"कळत नाही."

"न कळायला काय झालं?"

"मला कशाचीच चव लागत नाही, आई. ती गेल्यापासून." हे तो आजवर कोणापाशीच बोलला नव्हता.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लेकीच्या या नादाला त्या जन्मभर नाक मुरडत आल्या होत्या. एक थेंबही त्यांनी कधी तोंडात घेतला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी पेला उचलला.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "मागून तुरट लागते."

"म्हणजे बिघडली?"

"चांगली असते तेव्हा कशी लागते?"

त्याने आठवून पाहिलं. "ते तीच सांगायची. मी नुसती मान हलवायचो."

त्याने बाटली उचलली.

"ओतून टाकू?" त्याने विचारलं.

"ओतायची कशाला?" त्यांनी पेला पुढे केला. "थोडी अजून द्या. पहिल्या घोटात नाही कळलं मला."