पुंजाजींचं तिसरं बटण

नांदुऱ्याच्या नगराध्यक्षपदाची निवडणूक जाहीर झाली तेव्हा उमेदवार कोण, याची पुंजाजींना काहीच फिकीर नव्हती. माणूस कोण हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना ते कच्चे मतदार समजत. पुंजाजी चिन्ह बघत, आणि चिन्हांतही एकच. पेरणीची तिफण. बाजार समितीत मापारी म्हणून काटा धरला तेव्हापासून, म्हणजे गेली चाळीस वर्षं, त्यांनी तिफणीखेरीज कशालाही बोट लावलेलं नव्हतं.

विरोधी पक्षाचं चिन्ह अडकित्ता. त्यामुळे घरात अडकित्ता नव्हता. सुपारी ते खिडकीच्या बिजागरीत घालून फोडत. त्यात खिडकी दोनदा निखळली आणि अंगठा एकदा, पण निष्ठा जागच्या जागी राहिली. मुलीसाठी मलकापूरचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाचा मामा अडकित्तेवाला निघाला आणि पुंजाजींनी पोहे होण्याआधीच पाहुण्यांना वाटेला लावलं. "मामा थोडाच नांदवणार होता पोरीले," असं कोकिळाबाई अजूनही म्हणत.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी तिफण पक्षाचा तालुकाध्यक्ष राजकुमार घरी आला. एरवी तो अंगणातूनच हाक मारायचा. आज चपला काढून आत आला, तेव्हाच पुंजाजींनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"पुंजाजीभाऊ, युती झाली."

"कोणाशी?"

राजकुमारनं खिडकीकडे पाहिलं. "आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाच्या दोन्ही जागा आपल्याले. नगराध्यक्ष त्यायले."

"त्यायले म्हणजे कोणाले?"

"तुमी ज्यायचं नाव घेत नाही, त्यायले. वरून आदेश हाये. दोन बटणं तिफणीची दाबायची, आन् तिसरं ते."

"चाळीस वर्षं तुमीच सांगतलं, तिकडं पाहूबी नका."

"तेव्हा ते खरंच होतं ना भाऊ," राजकुमार म्हणाला. मधली दोन वर्षं तो स्वतः अडकित्त्यात होता. पण ते वैचारिक कारणानं.

मतदानाच्या दिवशी कोकिळाबाई बायकांच्या रांगेत लागल्या, आत गेल्या आणि मेथीची जुडी निवडायला लागतो त्याहून कमी वेळात मत देऊन बाहेर आल्या. मग पुंजाजी आत गेले. बोटाला शाई लागली, सही झाली, ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभे राहिले. नगरसेवकांची दोन बटणं त्यांनी पटापट दाबली. तिफण, तिफण. मग ते नगराध्यक्षाच्या यादीपाशी आले आणि थांबले.

यादीत अडकित्ता होता. त्याखाली शिडी होती, पण शिडीवाल्याला तिफणीतून हाकललेलं. सगळ्यात खाली नोटा. पुंजाजींच्या लेखी नोटा हाही एक पक्षच होता, आणि ज्या पक्षाचं गावात कार्यालय नाही, गळ्यात घालायला दुपट्टा नाही, त्याला मत द्यायचं तरी कोणाच्या तोंडाकडे बघून? तिन्ही बटणं दाबल्याशिवाय यंत्राची लांब शिट्टी वाजत नाही, आणि शिट्टी वाजल्याशिवाय पुढच्या माणसाला आत घेता येत नाही. पुंजाजी उभे राहिले.

दहा मिनिटं गेली. केंद्राध्यक्ष मंजुश्री मॅडम देऊळगाव राजाकडच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, "काका, झालं का?"

"दोन झाले."

"आणि तिसरं?"

"तिसऱ्यात आमचा पक्षच नाही."

"मग नोटा दाबा."

"मी काय वाऱ्यावर पडलो का?"

"काका, मला तुमचं मत सांगू नका. ते गुप्त असतं."

"मत नाही सांगून राह्यलो बाई. मत नाही, हे सांगून राह्यलो."

मॅडमनी सूचनांची पुस्तिका उघडली. अंध मतदाराचं काय करायचं ते तिच्यात होतं, मत न देताच निघून जाणाऱ्याचं होतं, पिऊन आलेल्याचंही होतं. नुसत्या उभ्या राहणाऱ्या मतदारावर एक ओळ नव्हती. बाहेर रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली. कोणीतरी आतल्या काकांसाठी खुर्ची पाठवायची तयारी दाखवली.

भिंतीलगतच्या बाकावर पक्षांचे प्रतिनिधी बसले होते. त्यांत अडकित्त्यातर्फे प्रेमानंद होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, पुंजाजींच्याच प्रभागातले आणि पुंजाजींइतकेच पक्के, फक्त दुसऱ्या बाजूचे. तीस वर्षांत दोघं एकमेकांशी टोमण्याशिवाय बोलले नव्हते. जागा अडवून उभा असलेला माणूस प्रेमानंदांना सोसवत नसे.

"काऊन बे पुंज्या, मुक्कामाले आला का तिथं?"

"प्रतिनिधींनी मतदाराशी बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "चिन्हाचं नाव तर मुळीच काढायचं नाही."

"चिन्ह नाही म्याडम, जुनी दुश्मनी हाये. ते चालते ना?"

मॅडमनी खिडकीतून रांगेकडे पाहिलं आणि दुश्मनीला परवानगी दिली.

"पुंज्या, तुले एकच दाबा लागते. सकाळी साडेसातले मले दोन दाबा लागले. तुह्यावाले."

पुठ्ठ्यावरून पुंजाजींचं डोकं वर आलं.

"दोन?"

"एकापाठी एक."

"मंग कसं केलं?"

"डोळे मिटले. तं बोट भलतीकडंच टेकलं. मंग उघडा लागले."

"आन् मंग?"

"मंग काई नाई. घरी गेलो, आंघोळ केली, परत आलो. विचार म्याडमले, अर्धा तास बाक खाली होता."

"होता," मॅडम म्हणाल्या.

पुंजाजी विचारात पडले. पुंजाजींनी आजवर कोणाचा आहेर ठेवून घेतला नव्हता. लग्नात कोणी साधा टॉवेल दिला तरी त्याच्या घरच्या कार्यात टॉवेल-टोपी परत जायची. आणि इथं खुद्द प्रेमानंद दोन आहेर करून बसला होता, तेही उपाशीपोटी. निष्ठा एका बाजूला आणि रीतभात एका बाजूला, असा काटा त्यांनी मनात धरला. पारडं बराच वेळ हललं. मग शिट्टी वाजली, चांगली लांब. बाहेर रांगेत दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"एक बाकी राह्यला माह्याकडं," जाताना पुंजाजी प्रेमानंदांकडे न बघता म्हणाले. मग मॅडमकडे वळले. "हे शाई निघते का बाई?"

"नाही काका. म्हणूनच तर लावतो."

निकालात अडकित्त्याचा नगराध्यक्ष निवडून आला आणि प्रभागातले तिफणीचे दोन्ही नगरसेवकही. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा पुंजाजी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. तीन आठवडे ते शाईचं बोट खिशात घालून हिंडले. चहाच्या टपरीवर तिफणीवाल्यांच्या बाकड्यावर बसायचा आपल्याला अधिकार राहिला नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि चहा उभ्यानं प्यायला सुरुवात केली.

बाविसाव्या दिवशी पेपरात फोटो आला. नव्या नगराध्यक्षानं शहराच्या विकासासाठी तिफण पक्षात प्रवेश केला होता. पुंजाजींनी बातमी तीनदा वाचली, बोट खिशातून काढलं आणि टपरीवर जाऊन बाकड्याच्या मधोमध बसले. हे सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी प्रभागातले दोन्ही नगरसेवक नाराज होऊन अडकित्त्यात गेले. त्यांनाही शहराचा विकासच करायचा होता. राजकुमार कोणत्या पक्षात आहे हे पेपरात नव्हतं. फोटोत तो दोन्हीकडे होता.

त्या संध्याकाळी प्रेमानंद तीस वर्षांत पहिल्यांदा पुंजाजींच्या ओट्यावर येऊन बसले, पेपर घेऊनच.

"म्हणजे म्या मन मारून दाबले ते दोन आता माह्या पक्षात," ते म्हणाले. "तीनातले दोन माह्ये. तुहा एक."

"माह्ये दोन मी आनंदानं दाबले होते बे."

"तेच तं गेले. लाजून दाबला तेवढाच राह्यला."

कोकिळाबाई चहा घेऊन आल्या. "काहो, तुमी दोघायनंबी तेच तीन बटणं दाबले ना? मंग भांडून काय राह्यले?"

राजकारण बायकांना कळायचं नाही, अशा नजरेनं दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पुंजाजींनी बशीत चहा ओतला.

"अजून पाच वर्षं हायेत," ते म्हणाले. "येतीन परत."

"माह्ये दोन नाही येत."

"तुह्ये कोठी हायेत ते? माह्येच हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं ओट्यावर बसून पेपरवाल्याची वाट पाहत होते.