सुरकुतलेले गोळे

मास्तरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्यांना तोंडपाठ होतं. लिहिणारी बाई शिवणकाम करायची. कुठल्याशा वर्तमानपत्रात तिनं मास्तरांच्या उंदरांविषयी वाचलं होतं. ‘तुमच्या उंदरांना औषधानं बरं वाटलं म्हणे. माझ्या मुलीला तोच आजार आहे. तिला बरं वाटेल का? हो की नाही, एवढंच कळवा.’ खाली मुलीच्या तपासणीत सापडलेल्या जनुकीय दोषाचं लांबलचक नाव, एकेक अक्षर जपून उतरवलेलं.

हो की नाही! मास्तरांना कुणी चहा घेणार का विचारलं, तरी त्यांची सुरुवात ‘तसं पाहिलं तर’ अशी व्हायची. त्यांनी उत्तराला किती कागद खर्ची घातले त्याची गणतीच नाही. ‘सध्या उपलब्ध असलेल्या पुराव्यांच्या मर्यादेत’ असं लिहून ते थांबत, तेवढ्यात थोरली बहीण खांद्यावरून डोकावे.

“अरे, तिनं उत्तर मागितलंय, प्रबंध नाही.”

“ताई, पण उंदरावरून माणसाचं सांगता येत नाही ना!”

“मग तसंच लिही.”

तसंच लिहायला त्यांचा हात धजेना. या आजारात पेशीच्या भिंतीतलं एक दार बंद राहतं. मीठ आणि पाणी अडतं, शरीरातला ओलावा चिकट होतो, फुप्फुसात डिंकासारखा कफ साचत जातो. उंदराच्या अंगात हा आजार घडवला तर त्याचं पोट बिघडे, फुप्फुस मात्र ठणठणीत राही. मास्तरांचा एकही उंदीर कधी खोकला नव्हता. ‘हो’ लिहिलं तर आशा खोटी, आणि ‘नाही’ म्हणायलाही पुरावा नाही. दिवसांची वर्षं झाली. ती मुलगी आता मोठी झाली असेल, असा विचार मनात आला की त्याच्या पाठोपाठ ‘किंवा नसेल’ येई, आणि मास्तर उठून पाणी प्यायला जात.

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. संशोधनशाळेत सगळ्यांचे लेख तपासून देत, लाल पेन खिशाला अडकवून हिंडत, म्हणून ते नाव पडलेलं. निवृत्त होऊनही बाईंनी त्यांना ठेवून घेतलं होतं. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयानं त्यांच्याहून बऱ्याच लहान. मास्तर पेशी वाढवतात तसं दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं बाई म्हणत. मास्तरांना वाटे, दया येते म्हणून म्हणत असतील.

एका सकाळी बाई हातात डबी घेऊन आल्या. छातीच्या डॉक्टरांनी पाठवलेला नमुना होता तो. कुणा रोग्याच्या आतड्याच्या शेवटच्या टोकातून काढलेला, शिताएवढा तुकडा. नाव नाही, नुसता क्रमांक.

“सोळा वर्षांची मुलगी,” बाई म्हणाल्या. “फुप्फुस घसरत चाललंय. दार उघडणारी गोळी बाजारात आहे, पण ती ज्या दोषांना चालते त्यांच्या यादीत हिचा दोष नाही. इतका दुर्मीळ, की मोठी चाचणी घ्यायला तेवढे रोगीच नाहीत. रुग्णालयाची समिती म्हणते, तिच्याच पेशींवर गोळी चालते असं दाखवा, आम्ही देतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे.”

आणि बाईंनी फळ्यावर दोषाचं नाव लिहिलं.

मास्तरांच्या हातातलं झाकण खाली पडलं. त्या तोंडपाठ पत्राच्या तळाशी हेच नाव होतं. इतक्या वर्षांत ते दुसरीकडे कुठेच त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं.

मोठी झाली होती तर! मास्तरांना एकदम खिडकी उघडून ओरडावंसं वाटलं. त्यांनी झाकण उचललं.

“काय झालं मास्तर?” समोरच्या टेबलावरून टिटवीनं विचारलं. टिटवी ही त्यांची प्रयोगशाळेतली जोडीदारीण. कामात पक्की, पण तोंडाला विसावा नाही.

“काही नाही. तसं पाहिलं तर… काही नाही.”

त्या दिवसापासून मास्तर त्या डबीचे झाले. तुकड्यातल्या पेशी त्यांनी सुट्या केल्या, मऊ जेलच्या थेंबांत रुजवल्या, दिवसाआड त्यांना खाऊपिऊ घातलं. हळूहळू जेलमध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील असे गोळे धरू लागले. प्रत्येक गोळा म्हणजे त्या मुलीचं इवलंसं आतडं, दार आतल्या बाजूला. चाचणी सोपी होती. गोळ्यांना औषध द्यायचं, मग दाराला हाक मारणारा एक द्राव घालायचा. औषधानं दार उघडलं तर पाणी आत शिरतं आणि गोळा फुगतो. दार बंदच राहिलं तर गोळा जिथल्या तिथे. उंदीर नाही, अंदाज नाही. तिचंच आतडं उत्तर देणार.

चाचणीच्या दिवशी मास्तर घरून न जेवताच निघाले. “परीक्षा तुझी आहे की गोळ्यांची?” ताई मागून ओरडली.

मायक्रोस्कोपच्या पडद्यावर मास्तरांनी मोजायचे गोळे एकेक करून रेघेनं घेरले. औषध घातलं. द्राव घातला. तासभराचं चित्रीकरण सुरू झालं. टिटवीसुद्धा गप्प बसली, यावरून काय ते समजावं.

गोळे फुगले नाहीत. आकडे आले: किंचित वाढ, औषध न दिलेल्यांइतकीच.

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. “पुन्हा एकदा करू. पण मास्तर, मनाची तयारी ठेवा.”

मास्तरांच्या मनाची तयारी जन्मापासूनच झालेली होती. आपलं कधी काही बरोबर येतं का? त्यांनी मान हलवली आणि चित्रीकरण पुन्हा लावलं. काही शोधायचं म्हणून नव्हे, नुसतं त्या मुलीला पाहावं म्हणून. घेरलेले गोळे छान दिसत होते. गोल, नितळ, मोत्यासारखे. मास्तरांचा हातच तसा, वाकडं काही वाढायचंच नाही.

मग त्यांची नजर रेघांच्या बाहेर गेली.

पडद्याच्या कोपऱ्यात काही वेडेविद्रे, सुरकुतलेले गोळे पडले होते. वाळल्या मनुकांसारखे. ते त्यांनी घेरलेच नव्हते. चित्र पुढे सरकलं, तशी एका मनुकेची सुरकुती पुसली गेली. मग दुसरीची. तासाच्या शेवटी ती मनुका टरटरून द्राक्ष झाली होती.

“टिटवे!”

मास्तरांचा एवढा मोठा आवाज त्या इमारतीनं कधी ऐकला नव्हता. टिटवी धावत आली, बाई फोन तसाच टाकून आल्या.

“हे बघ. हे! मी मोजलेच नाहीत हे!”

“का नाही मोजलेत?”

मास्तर गोरेमोरे झाले. “चांगले दिसत नव्हते.”

टिटवीनं कपाळावर हात मारला. “अहो मास्तर, नाकीडोळी नीटस बघून निवडलेत होय? हे तुमचे देखणे पाणी झिरपून आधीच पोटभर फुगून बसलेत. आणखी कुठे फुगणार, फुटतील! फुगायला जागा आहे ती ह्या मनुकांत. ह्यांचंही दार बंद होतं!”

“होतं,” मास्तर म्हणाले. “होतं! आता नाही!” आणि ते जागच्या जागी दोनदा उडाले. निदान टिटवी तरी अजून तसं सांगते.

पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला. “बाई, थांबा. मघाशी मी देखणे निवडले. आता फुगलेलेच निवडले, तर ती तितकीच मोठी चूक. मला हवं तेच मी बघत नाही कशावरून? ह्या मुलीच्या आईला… मला हे हवंय, बाई. फार हवंय. माझ्यावर विश्वास ठेवू नका.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मग तुम्ही निवडायचंच नाही. कुणीच नाही. लहान, मोठा, वाकडा, फुटका, जेवढे दिसतील तेवढे सगळे मोजायचे. औषध ताटलीतल्या कुठल्या खळग्यात आहे ते फक्त मला ठाऊक. मोजणार टिटवी. आणि तुम्ही बाहेर बसायचं.”

“बाहेर?”

“जिन्यात.”

नवे गोळे वाढायला जेवढे दिवस लागले, तेवढे मास्तरांनी कसे काढले ते ताईला विचारावं. ते जेवताना भाताचं शीत चिमटीत धरून बघत बसत. “आता जेवण तरी न मोजता जेव,” ताई म्हणे, पण तिचंही शेजारणीला आतड्याच्या गोळ्यांविषयी इतकं सांगून झालं होतं, की शेजारीण दारातूनच विचारायची, “फुगले का हो?”

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मास्तर जिन्याच्या पायरीवर पुस्तक उघडून बसले. पान काही उलटलं नाही. येणारेजाणारे त्यांना ओलांडून जात होते.

दार धाडकन उघडलं. टिटवी आली. तिनं नुसते दोन्ही गाल फुगवून दाखवले.

मास्तर धडपडत उठले, पुस्तक दोन पायऱ्या खाली घरंगळलं. आत बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. औषध नसलेले खळगे थंडच होते. औषध दिलेल्या एकूण एक खळग्यात गोळे फुगले होते, देखणे थोडे, मनुका दुपटीहून जास्त. टिटवीला कुठला खळगा कुठला हे माहीत नव्हतं, तरी आकडे आपणहून दोन बाजूंना जाऊन बसले होते.

“पुन्हा मोजा,” मास्तर म्हणाले.

“दोनदा मोजलेत,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही रडलात तरी चालेल.”

समितीची बैठक झाली, आणि संध्याकाळी छातीच्या डॉक्टरांचा फोन आला. गोळी मंजूर. मास्तरांनी घसा साफ केला आणि धीर करून विचारलं, “डॉक्टर, मुलीची आई… शिवणकाम करते का?”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

मास्तरांनी पत्राचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, त्यांना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, आणि त्या हसत होत्या.

“आई म्हणाली, पत्ता तोच आहे, लिहू दे. मुलगी शेजारीच होती. ती म्हणते, गोळी सोमवारी येणार आहे. मास्तरांचं उत्तर आधी येतं का, बघते.”

मास्तर घरी आले ते थेट टेबलाशी. ‘सध्या उपलब्ध असलेल्या’ इतकं लिहून झालं, तशी ताईनं कागद ओढून फाडला आणि दुसरा पुढे ठेवला. मास्तरांनी लाल पेन खिशातून काढून तिच्या हातात दिलं, आणि निळ्यानं लिहायला घेतलं.

‘तुम्ही विचारलंत, बरं वाटेल का. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे लिहायलाही मी भ्यालो. उंदरांनी मला सांगितलं नाही. तुमच्या मुलीच्या स्वतःच्या पेशींनी सांगितलं: गोळी दार उघडते, मी डोळ्यांनी पाहिलं. काचेखाली जे झालं ते छातीत किती होईल, हे अजून कुणी सांगू शकत नाही. पण तुम्ही हो की नाही विचारलं होतं, तर माझं उत्तर हो आहे.’

ताईनं वाचलं. लाल पेन तिनं उघडलंच नाही.

शनिवारी टपाल कचेरी उघडायच्या आधीच मास्तर दाराशी उभे होते. खिडकी वर गेली. आतल्या कारकुनानं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

“साधं पाठवायचं की जलद?”

“जलद,” मास्तर म्हणाले. “सोमवारच्या आत पोचलं पाहिजे.”

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.