ठिपूसही न गळणारी किटली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. सरळ बसा आणि नीट ऐका. माझ्या वाकड्या तोटीकडे पाहून हसणाऱ्यांना मी काही सांगत नसते.

एकतीस वर्षे मी मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात चहा पाजला. एकदा बुडाला भोक पडले, तेव्हा मास्तरांनी मला डाग देऊन, भोक बुजवून आणले आणि गिऱ्हाइकांना ऐटीत सांगितले, "आमची किटली ठिपूस गळायची नाही." ते शब्द मी दागिन्यासारखे जपले. पुढे दुकान बंद झाले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

यंदा मास्तरांच्या सुनेने मला खाली काढले, गॅलरीत मांडले आणि माझ्यात माती भरली. मला कोणी विचारले? छे! शेजार तरी कसला, तर पुदिना लावलेली गंजकी चाळणी आणि कोरफड मिरवणारा फाटका बूट. मला मात्र सुनेने गुलाबाची वीतभर फांदी दिली. तिच्या आईचे घर विकले गेले होते. नव्या मालकाने गुलाब मुळासकट उपटला होता. उरली होती ती एवढीच.

"बाबा, किटलीला खालून भोक पाडते," सून म्हणाली.

"माझ्यादेखत नाही," मास्तर म्हणाले. मीही मनात म्हटले, शाबास!

मग या घराचे प्रेम उतू गेले. सकाळी मास्तर पाणी घालीत, दुपारी त्यांचा मुलगा, संध्याकाळी सून. प्रत्येकाची खात्री, की बाकीचे विसरले असणार. बोलायला तोंडे तीन, पण एकमेकांना विचारायला एकही नाही! फांदीची पाने पिवळी पडली. शेजारी ती चाळणी, अंगभर नुसती भोके, आणि तिचा पुदिना मात्र कानामागून येऊन तिखट झालेला. माझा किती संताप झाला असेल!

एके सकाळी सुनेने मला कलती केली. तोटीतून गढूळ, कुबट पाणी आले.

"मी रोज घालत होतो, तू विसरतेस म्हणून," तिचा नवरा पुटपुटला.

"आणि मी, तुम्ही दोघं विसरता म्हणून," मास्तर म्हणाले.

"म्हणजे आईची फांदी आपण तिघांनी मिळून बुडवली." ती म्हणाली आणि खाली बसली.

मास्तर उठले ते खिळा आणि हातोडी घेऊनच आले. "फांदी काढ, सूनबाई. कुजलेलं टोक काप." त्यांनी मला पालथी घातली, अंगठ्याने जुना डाग चाचपला आणि नेमका तोच फोडला. इतक्या वर्षांची अब्रू एका ठोक्यात गेली. दुखले. पण सुनेचा चेहरा मला दिसत होता.

महिन्याने त्या फांदीला तांबूस कोंब फुटला.

तेव्हा मित्रांनो, ऐकून ठेवा. झाडाला पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहा. पाणी कोणी घालायचे, ते घरात एकदा ठरवा. आणि जुन्या भांड्याला झाड द्याल, तर त्याच्या बुडाला वाटही द्या, मग ते भांडे कितीही मानी असो.

काल शिंपीदादा, मास्तरांचे जुने सोबती, मला पाहून हळहळले, "अरेरे, गळते की ही."

"गळणारच," मास्तर ऐटीत म्हणाले. "आमची किटली आहे ती."