काचेच्या पेटीतली चावी

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार आहे. माझी डिकी एवढीशी आहे की तुमचं दप्तर त्यात ठेवलं तर डबा मांडीवर घेऊन बसावं लागेल. माझी कहाणी ऐकायला बसला आहात, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी रडगाणं गाणार नाही. माझं हल्ली बरं चाललंय, झोप लागते, भूक लागते. पण मधल्या काळात माझी जी दशा झाली, ती करणाऱ्यांना दोन शब्द सुनावल्याशिवाय मी राहणार नाही. मग ते माझे मालक का असेनात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेजारच्या रांगेत घरगुती गाड्या पोळपाटावरून उतरल्यासारख्या भराभर बाहेर पडत होत्या. आमची रांग मात्र सावकाश सरकायची. माझ्या सीटांचं चामडं एका बाईने हाताने शिवलं. शिवताना ती सारख्या जांभया देत होती, तरी एक टाका वाकडा पडला नाही. शेवटी एका माणसाने माझ्या दारांत दोन बारीक कान बसवले. म्हणजे त्याचं असं आहे, माझी चावी भोकात घालून फिरवायची नाही. ती खिशातल्या खिशात माझ्याशी बोलते. चावी जवळ आली की मला ऐकू येतं आणि मी झोपेतून उठून दारं उघडायच्या तयारीला लागते. चावी लांब गेली की मी परत झोपते. हे नीट लक्षात ठेवा. पुढे भल्याभल्यांच्या लक्षात आलं नाही.

माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. तिने मला कधी पुसलं म्हणून नाही. उन्हात, पावसात, चिखलात ती मला रोज दामटायची. सीटखाली तिच्या सफरचंदाचा देठ वर्षभर पडून होता. पण चावी तिच्या पर्समध्ये असायची आणि पर्स दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. ती आत गेली की मी डाराडूर. संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजली की मी ताजीतवानी. ते माझे कामाचे दिवस. तेव्हा माझी तारीफ कुणी केली नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. पुढे डॉक्टरीणबाईंची पाठ धरली. माझ्यात बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं. बसताना त्या अगं आई म्हणायच्या, उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा. मग त्यांनी मला विकलं आणि मी चष्मेवाल्यांच्या घरी आले.

चष्मेवाले म्हणजे बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. गल्ल्यावर ते बसतात, मागच्या खोलीत त्यांची बायको काचा घासते. तयार चष्मे गिऱ्हाइकांना पोचवायलाही तीच जाते, एका ठोकरा खाल्लेल्या पांढऱ्या व्हॅनमधून. व्हॅनला सगळीकडे पोचे आहेत आणि एक आरसा चिकटपट्टीवर तगलेला आहे. गॅरेजमध्ये ती माझ्या शेजारी उभी असते. मी तिला ताई म्हणते.

चष्मेवाल्यांचा माझ्यावर जीव होता. मी नाकारत नाही. त्यांनी माझ्यासाठी मऊ फडकी आणली, चष्म्याच्या काचा पुसायची. शेजारीपाजारी मला बघायला यायचे, मुलं माझ्यासमोर उभी राहून फोटो काढायची. मी नुसती नटून बसलेली. आल्यावर पहिल्याच आठवड्यात चष्मेवाल्यांनी मला फाटकाला निसटतं घासलं. दाराखाली केसाएवढी रेघ उठली, मला तर कळलंही नाही. त्यांना मात्र ती छातीवर उठल्यासारखी वाटली. त्या दिवसापासून त्यांनी मला रस्त्यावर काढायचं सोडलं. बायकोने एकदा विचारलं होतं, धरणाच्या रस्त्याने मी नेऊन आणू का? तिला रोजची सवय, अरुंद गल्लीत व्हॅन उलटी घालणारी बाई ती. हिचा क्लच नाजूक आहे, असं सांगून यांनी विषय संपवला. माझा क्लच काही नाजूक नाही. खोटं बोलायचं तर निदान माझ्या नावावर बोलू नये.

आणि मग त्यांनी तो पराक्रम केला. दुकानात चष्मे मांडायची एक काचेची पेटी होती, आत आरसा, खाली निळी मखमल. ती त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर ठोकली, बरोबर माझ्या दाराशेजारी, आणि त्यात माझी चावी ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला गाडीही दिसावी आणि चावीही. छान दिसत होतं, नाही कशाला म्हणू. पण मित्रांनो, चावी माझ्या कानाशी. दिवसभर ती म्हणतेय, आले, आले. मी उठतेय, दारांची तयारी करतेय, वाट बघतेय. येतंय कोण? कुणीच नाही. रात्री पुन्हा तेच. तुमच्या उशाशी कुणी अष्टौप्रहर उभं राहून चल निघूया, चल निघूया म्हणत राहिलं, तर तुम्हाला झोप लागेल का?

जागरण झालं की पोटातलं सरतं. माझं पोट म्हणजे माझी बॅटरी. आठवडाभरात ती रिकामी व्हायची. रविवारी चष्मेवाले हौसेने यायचे, बटण दाबायचे, आणि मी नुसती टक टक टक करायचे. मग बायको हातातलं काम टाकून यायची, व्हॅन माझ्या नाकासमोर आणायची, लाल चिमटा बॅटरीच्या टोकाला, काळा उघड्या धातूला. ताई आपल्यातली वीज मला द्यायची आणि मी चालू व्हायचे. मग चष्मेवाले काय करायचे? माझा आवाज ऐकत पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहायचे, आणि बंद. झालं चालवून. फडकं फिरवलं की रविवार संपला. अहो, चालू व्हायलाच मला जेवढे घास लागतात, तेवढेसुद्धा पाच मिनिटांत भरून येत नाहीत.

त्यांनी बॅटरी बदलली. नवीन बॅटरीही निजली. मग मला मेकॅनिककडे नेलं. मेकॅनिक जाडजूड, बोलायला गोड, हाताला काळं. त्याच्याकडे चाव्या लांब कोपऱ्यातल्या खोलीत टांगलेल्या असतात. तिथे मी अशी झोपले की विचारू नका. सकाळी बटण दाबताच मी एका दमात चालू. त्याने वीज भरणारं यंत्र तपासलं, तारा तपासल्या, सगळं ठीक. घरी आणलं की आठवड्यात पुन्हा टक टक. परत नेलं, परत ठणठणीत. चष्मेवाल्यांना वाटायला लागलं की मेकॅनिक थापा मारतोय, आणि मेकॅनिकला वाटायला लागलं की हे रात्री माझ्यात बसून गाणी ऐकतात. दोघंही एकमेकांशी फार अदबीने बोलू लागले.

अशात एक हॉटेलवाला चष्मा करायला दुकानात आला आणि मला बघायला घरी आला. हसरा, ढेरपोट्या, माणूस म्हणून वाईट नव्हता. मी चालू होत नाही हे चष्मेवाल्यांनी त्याला लाजत लाजत सांगितलं. त्याने माझ्या बॉनेटवर टरबूज वाजवून बघावं तशी टिचकी मारली.

“चालत नसली तरी चालेल,” तो म्हणाला. “उलट बरंच. हॉटेलच्या दारात उभी करतो. इंजिन काढून टाकू, त्या जागी कुंड्या ठेवू. लोक फोटो काढतील, मग आत येऊन जेवतील.”

इंजिनाच्या जागी कुंड्या. मित्रांनो, हे तो माझ्यासमोर बोलला. आणि चष्मेवाले विचार करून सांगतो म्हणाले नाहीत, रविवारी या म्हणाले. गाडी उचलून न्यायचा ट्रक घेऊन तो रविवारी येणार असं ठरलं. बायको तेव्हा व्हॅनमधून खोकी उतरवत होती. तिने एक खोकं जरा जोरात ठेवलं, एवढंच.

शनिवारी तिनेच मेकॅनिकला घरी बोलावलं. दुखणं घरी आल्यावरच होतं ना, मग घरी येऊन बघ, असं तिने फोनवर सांगितलं होतं. मेकॅनिकलाही ते पटलं. पोराचं पोट शाळेतच दुखत असेल तर शाळेत जाऊन बघावं लागतं, असं तो आल्या आल्या म्हणाला.

त्याने बॉनेट उघडलं. माझं दार उघडंच ठेवून कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने पाडली, म्हणजे मला वाटावं की दार बंद आहे. मग बॅटरीच्या तारेला चिमट्यासारखा एक मीटर अडकवला आणि थांबला. गाडी बंद असताना किती वीज वाहून जातेय ते त्या मीटरवर दिसतं. बराच वेळ झाला तरी आकडा खाली येईना. ही जागी आहे, तो म्हणाला. चष्मेवाले म्हणाले, बंद तर आहे. बंद असणं वेगळं आणि झोपणं वेगळं, मेकॅनिक म्हणाला, डोळे मिटून पडलेला प्रत्येक जण काय झोपलेला असतो? मला त्याचे काळे हात चाटावेसे वाटले.

पण कारण काही सापडेना. त्याने एकेक फ्यूज काढून बघितला. रेडिओचा, दिव्यांचा, काचांचा. आकडा जागचा हलत नव्हता. चावी त्याच्या डोक्याजवळ, मखमलीवर, आरशात दोन-दोन दिसत होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझा हॉर्नसुद्धा तेव्हा वाजण्यातला नव्हता. शेवटी चष्मेवाले म्हणाले, राहू दे रे, उद्या जायचीच आहे ती. बॅटरीपायी माझं डोकं उठलंय.

बायको दारात उभी होती. ती आत आली.

“अहो, इतकी वर्षं लोकांना चष्मे देताय,” ती म्हणाली, “स्वतःला समोरचं दिसतं का? तुम्हाला गाडी चालवायची भीती वाटते. म्हणून विकताय, आणि नाव बॅटरीचं.”

चष्मेवाले फडकं घेऊन दाराखालची ती रेघ पुसायला लागले, जी पुसून जाणारी नव्हती. बायकोने काचेची पेटी उघडली, चावी मुठीत घेतली आणि म्हणाली, उद्या त्याला चावी लागेल ना, मग माझ्याकडे येऊन मागू दे. आणि तरातरा घरात जाऊन तिने स्वयंपाकघराचं दार धाडकन लावून घेतलं.

मित्रांनो, तो आवाज मी अर्धाच ऐकला. कारण चावी गेली होती आणि माझे डोळे जड व्हायला लागले होते.

मेकॅनिकने मीटरकडे बघितलं. आकडा घसरत घसरत पार तळाला गेला होता. त्याने तर कशालाच हात लावला नव्हता. त्याने मीटर झटकला. त्याला वाटलं, आता मीटरचीच बॅटरी गेली. तेवढ्यात दार उघडलं. भांडणातलं खरं वाक्य दार लावल्यावरच सुचतं, तसं तिला सुचलं होतं. माझ्या दाराशी येऊन ती म्हणाली की त्या क्लचचं खोटंही तिला माहीत आहे. आकडा टुणकन वर. ती परत गेली. थोड्या वेळाने आकडा पुन्हा तळाला.

“वहिनी,” मेकॅनिकने हाक मारली, “जरा परत बाहेर या.”

“कशाला?”

“काही नाही. नुसत्या या.”

ती आली, आकडा चढला. त्याने तिला पुन्हा आत जायला सांगितलं, पुन्हा बाहेर. चष्मेवाले पाण्याबाहेरच्या माशासारखे बघत होते. हिच्या रागाचा गाडीवर परिणाम होतो की काय, असं त्यांनी हळूच विचारलं. घरात तर होतो, म्हणून त्यांना ते अशक्य वाटलं नसावं.

“साहेब,” मेकॅनिक म्हणाला, “राग राहू दे. वहिनींच्या मुठीत काय आहे ते बघा.”

सगळे त्या मुठीकडे बघत राहिले, मग भिंतीवरच्या रिकाम्या पेटीकडे. मेकॅनिकने मग सगळं उलगडून सांगितलं, पाच मिनिटांच्या रविवारांसकट. चष्मेवाले मटकन स्टुलावर बसले. ज्या पेटीत त्यांनी मला लाडाने मिरवलं, तिनेच माझी झोप मोडली होती. बायको हसली नाही. तिने एवढंच विचारलं, उद्या चालू होईल का? मेकॅनिकने चार्जर लावून दिला आणि होईल म्हणाला. हॉटेलवाल्याला फोन करून नाही सांगतो, असं चष्मेवाले पुटपुटले. ती म्हणाली, नको, बिचारा ट्रक घेऊन निघाला तर निघू दे, आपण घरी नसू.

त्या रात्री चावी स्वयंपाकघरात, चमच्यांच्या शेजारच्या खिळ्यावर होती. या गॅरेजात किती वर्षांनी मी पोटभर झोपले.

सकाळी ती आली. मी तिला कांद्याच्या वासावरून ओळखलं. बटण दाबलं आणि मी एका दमात उठले. चष्मेवाले शेजारच्या सीटवर बसले. त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही, तरी ते सारखे दाबत होते. पहिल्या वळणाला हळू चालव म्हणाले, दुसऱ्यालाही तेच म्हणाले, तिसऱ्याला खिडकीबाहेर बघू लागले. धरणाच्या भिंतीवर वारा सुटला होता. तिने मला असं पळवलं की चाकांत अडकलेली वर्षानुवर्षांची धूळ मागे उडून गेली. परत येताना ती उतरली आणि यांना स्टीअरिंगकडे पाठवून यांच्या सीटवर जाऊन बसली. चष्मेवाल्यांनी मला दोनदा बंद पाडलं. तिने एका शब्दाने टोकलं नाही. तिसऱ्यांदा आम्ही निघालो.

हॉटेलवाला येऊन गेल्याचं मला ताईने सांगितलं. रिकाम्या गॅरेजात तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मग हसला. संध्याकाळी पुन्हा आला आणि ती काचेची पेटी मागून घेऊन गेला. आता तिच्यात तो केक ठेवतो. पेटीचंही भलं झालं.

आता माझ्या अंगावर नवीन तीन ओरखडे आहेत. दोन तिचे, एक यांचा. मित्रांनो, तुम्हाला सांगायचं ते एवढंच. आवडती वस्तू असेल तर तिला कामाला लावा आणि काम झालं की निवांत पडू द्या. फडकं मारून मखमलीवर मांडून ठेवलेलं प्रेम कुणाच्या पोटात जात नाही. घरात असं एखादं माणूस असेल, तर त्यालाही विचारून बघा, तुला कुठे जायचंय का म्हणून.

बरं, जाताना गॅरेजचा दिवा तेवढा घालवा. उद्या तिला धरणापलीकडच्या गावात चष्मे पोचवायचेत आणि ताईचं चाक बसलंय. चष्म्यांची खोकी माझ्या डिकीत मावत नाहीत, ती यांच्या मांडीवर जाणार आहेत.