लंडन ते वडीगोद्री, मार्गे मुंबई

"विमानाला नऊ तास आन् जीपीला दहा? हे काय गणित झालं रे?" वसंताकाकांनी विचारलं.

"बराबर हाय काका."

शाळेतून आणलेला पृथ्वीगोल माझ्या मांडीवर होता. लंडन ते मुंबई दोरा ताणून मोजलं होतं. साधारण सात हजार दोनशे किलोमीटर, म्हणजे नऊ तास. मुंबई ते वडीगोद्री चारशे, पण रस्त्याचे दहा तास. देवानंदचं विमान रात्री साडेनऊला सुटणार होतं. सकाळी साडेसहाला उतरेल, उद्या दुपारी साडेचारला दारात. बीएस्सी झालेल्याचं गणित म्हणून सगळ्यांनी मानलं.

ओट्यावर बर्फाच्या लाद्यांवर त्याचे वडील होते, साहेबरावमामा. अंबडच्या बसस्थानकावर बत्तीस वर्षं कंट्रोलर. कुठली गाडी कुठे किती वाजता पोचते, डोळे मिटून सांगत. लेक शिकायला लंडनला निघाला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मधी थांबे किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर ऊन आलं. गोलाच्या अर्ध्या भागावर पडलं. भारत उजेडात होता, लंडन सावलीत. मी बोटांवर तास पुन्हा मोजले.

काल दुपारी साडेतीनला मी बूथवरून फोन लावला, तेव्हा देवानंद म्हणाला होता, आत्ताच सकाळचा चहा घेतला. रात्री साडेनऊ तिथले होते. आपल्याकडचे पहाटेचे तीन. तो अजून आकाशातच होता.

मी सांगितलं. कुणीतरी बोललं, "घ्या! हे बीएस्सी!"

"मंग कधी येतो?" वसंताकाका.

"रात्री दहाला."

"बर्फ किती टिकन? पाव्हणे कालपास्नं उपाशी हायेत."

सगळे बेबीनंदामामींकडे बघायला लागले. त्या उशाशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता कुठं असंल त्यो?"

मी दोऱ्यावर बोट ठेवलं. "इराणच्या वर. दोन तासांत मुंबई."

त्यांनी गोलावरच्या त्या जागेवर हात ठेवला. बराच वेळ.

"यायनं बत्तीस वर्षं कुणासाठी गाडी थांबू देली न्हाई," त्या म्हणाल्या. "आमदार आल्ता तरी न्हाई. माह्या बापाचं मयत होतं, मी धावत आल्ते, तरी सुटली. साडेचार सांगितलंय ना? साडेचारलाच न्या."

"अग्नी कोण देईन वहिनी?"

"मी हाये की."

मग त्यांनी मामांच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "तू येऊ नको. फाट्यावर थांब. त्याला तूच सांग."

"मामी, माझ्यामुळं..."

"तुझ्यामुळं काय? त्यो निघाला तवाच लांब व्हता."

साडेचारला बुद्धवंदना झाली. फाट्यावरून मला दिसलं, खांदेकरी वळणावरून माळाकडे उतरले. पुढे मामी होत्या, पदर खोचलेला. कुणी मागे वळून बघितलं नाही.

देवानंद अजून पुण्याच्याही पलीकडेच असणार. जीपमध्ये ड्रायव्हरला घाई करत असेल.

मुठीतलं घड्याळ टिकटिकत होतं. लंडनमध्ये आत्ता सकाळचे अकरा. देवानंदनं आपलं घड्याळ अजून इथल्या वेळेला लावून घेतलेलं नसेल.