कापायचं की बांधायचं

डॉक्टरांनी टाच मुठीत धरून पुढे खेचली आणि घोटा कट्कन सरकला. तो इतक्या मोठ्याने ओरडला की बाहेर बाकावर बसलेल्या दाजींनाही ऐकू गेलं असेल. गेलं असेल तर बरंच, असं त्याला वाटलं.

काल याच दाजींनी, विरुद्ध संघाच्या बचावपटूने, चेंडू केव्हाच निघून गेल्यावर त्याच्या घोट्यावर दोन्ही पाय घातले होते. मैदानावर त्यांना कुऱ्हाड म्हणत. मेहुणा आहे म्हणून दयामाया नाही. तो पडल्यावर त्याच्या बोटांवरही बूट दिला, आणि वर हसले.

“दोन लिगामेंट पूर्ण तुटलीत,” डॉक्टर म्हणाले. “कापून शिवता येतील, नाहीतर पट्टा आणि व्यायाम. पट्ट्यानेही बहुतेकांचं छान भागतं. मी तेच सुचवेन.”

“कापा.”

त्याचं ठरलेलं होतं. फुटबॉल संघटनेचा नियमच तसा होता: जखमी खेळाडूवर ऑपरेशन झालं, तर पाडणारा वर्षभर बाहेर, नुसता पट्टा लागला, तर तीन सामने. कुऱ्हाडीचं वर्ष घ्यायला तो दुसरा घोटाही द्यायला तयार होता.

“नको रे,” पायाशी उभी असलेली ताई म्हणाली. “डॉक्टर सांगतायत तसं कर.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“घे, अजून नवऱ्याचीच बाजू घे!”

ताईने दाराकडे पाहिलं. दार लागलेलं होतं.

“खेळ असतो तेव्हा सगळा राग तिकडे काढून येतात,” ती हळू आवाजात म्हणाली. “सुट्टीत समोर मीच असते. वर्षभर घरी बसले तर मी काही जिवंत राहत नाही.”

सहा वर्षं ती ‘घसरून पडले’ म्हणत होती आणि तो मान डोलावत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“डॉक्टर, पट्टा लावला तर माझं मला जमेल?”

“जमेल की. आठवड्यात चालायला लागाल.”

“आणि कापलं तर?”

“पंधरा दिवस पाय टेकायचा नाही. घरी सांभाळायला कुणीतरी लागेल.”

“मला ताईशिवाय कुणी नाही. कापा.”

डॉक्टर ताईकडे जरा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कागदावर लिहिलं: बहिणीने रुग्णाच्या घरी सोबत राहणे आवश्यक, एक वर्ष. खाली सही ठोकली आणि दार उघडून दाजींना आत बोलावलं.