लाईनवरची बाही

माझी मुलगी येसेनिया लॉस एंजेलिसमध्ये लहान लहान कपडेवाल्यांना परदेशातले कारखाने गाठून देते. ऑफिस तिचं, पाटी तिची, इंग्रजीही तिचंच. माझी फक्त एक खुर्ची. माझी शाळा चौथीत सुटली, पण या शहरातल्या कारखान्यांत मी बत्तीस वर्षं नमुने शिवलेत. म्हणून नमुना आला की तो आधी माझ्या मांडीवर येतो, मग टेबलावर जातो.

त्या मंगळवारी व्हिएतनामहून इत्सेलचं जॅकेट आलं. इत्सेल आमच्याच गल्लीतली पोर. माझ्यासारख्या बुटक्या, रुंद बायकांसाठी तिनं जाड कापडाचं जॅकेट काढलं होतं. एका मोठ्या दुकानानं पहिल्यांदाच तीनशे मागितली होती, तीही ऑक्टोबरात मिळाली तरच. आज सही गेली नाही, तर कारखाना तिचा नंबर दुसऱ्याला देणार होता.

इत्सेल जॅकेट घालून आरशापुढून हलेचना. येसेनियानं पेन पुढे केलं. मी ते उचलून केसांत खोवलं.

"आई, आता काय?"

"बाही फार सुंदर आहे."

"मग?"

"तीच तर अडचण आहे."

बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा, म्हणजे जिथं ती जोडायची त्या खांद्याच्या भोकापेक्षा, चांगला इंचभर मोठा होता. तेवढं जाड कापड कुणीतरी बोटांनी दाबत, जिरवत, एकही चुणी न पाडता बसवलं होतं. अशी बाई कारखान्यात एकच असते. ती नमुन्यांच्या खोलीत बसते आणि तिला कुणी घाई करत नाही. मीच होते ती, मला ठाऊक आहे. लोक माझा नमुना बघून सही करायचे. मग मशीनच्या रांगेत, लाईनवर बसणाऱ्या बायका, ज्यांना एका बाहीला पुरतं मिनिटही मिळत नसे, त्यांच्या हातून माल यायचा आणि बोलणी मात्र त्यांनाच बसायची.

इत्सेल म्हणाली, उंच खांदा हीच तिच्या जॅकेटची ओळख आहे, तो बदलायचा नाही. मी म्हटलं, बदलू नकोस, आधी बघ तर.

संध्याकाळी व्हिडिओ फोन लावला. तिकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ, कारखाना नुकताच उघडलेला. माझं बोलणं येसेनिया इंग्रजीत सांगायची आणि तिकडची थाओ नावाची मुलगी ते पुढे पोचवायची, त्यांचंही तसंच इकडे. नमुना शिवणारी न्यानबाई पडद्यावर आली, आणि तिनं सगळ्यात आधी माझं वय विचारलं. अडुसष्ट. तिचं सहासष्ट. त्याशिवाय म्हणे मला हाक कशी मारायची ते तिला ठरवता येईना. तेव्हापासून मी ताई झाले, आणि मला ते आवडलं.

मी सांगितलं, लाईनवरच्या तिघींना एकेक बाही बसवू दे, तू हात लावू नकोस. न्यानबाईचं तोंड आंबट झालं.

"ताईंना माझ्या कामात खोट दिसली का?"

"नाही गं. तीनशेच्या तीनशे तू एकटी शिवणार आहेस का?"

थाओनं ते सांगितलं तशी ती खो-खो हसली आणि तिघींना बोलावलं.

पहिलीची बाही झालर झाली. दुसरीची मागून बरी, पुढून फुगलेली. तिसरीनं तर आपली पाठीमागे लपवली. इत्सेल खुर्चीत बसली.

न्यानबाईनं कागदी बाही कॅमेऱ्यापुढे धरली आणि माथ्यावर अंगठा ठेवला, किती उतरवायचं ते दाखवायला. मीही इकडे तेवढंच दाखवत होते. अर्धा इंच. मग तशी नवी बाही कापून तिनं झालरवालीलाच पुन्हा मशीनवर बसवलं. या वेळी बाही गप बसली. खांदा जरा उतरला होता, पण लाईनवरच्या कुठल्याही मुलीला जमेल असा.

इत्सेल पडद्याजवळ जाऊन ती बाही बघून आली. मग तिनं माझ्या केसांतलं पेन काढून घेतलं आणि बदललेल्या मापांच्या कागदावर सही केली.

ऑक्टोबरात माल आला. मी तिसऱ्या खोक्याच्या तळातून जॅकेट उपसलं, कारण चांगला माल सगळे वरच ठेवतात. बाही सरळ. दुसरं काढलं, तेही तसंच. दुकानानं तीनशेच्या तीनशे घेतली, आणि इत्सेल माझ्या गळ्यात पडून माझी वेणी विस्कटून गेली.

एका खोक्यात माझ्या नावाचं पुडकं होतं. आत बाहीच्या जुन्या मापाचं जॅकेट, तोच उंच खांदा. थाओनं लिहिलेली न्यानबाईची चिठ्ठी येसेनियानं वाचून दाखवली: ताईंना सांग, लाईनला जमत नाही, मला जमतं.

दोन दिवस चुणी शोधली. सापडली नाही. आणि मेलीनं माझं रुंद माप फोनवरूनच अगदी बरोबर घेतलं होतं.

रविवारी चर्चला तेच घालून गेले.